नऊचा पंखा

"उद्या भोजपूर, परवा भीमबेटका, तेरवा बडा तालाब!" सुट्टीला आलेल्या चुलतबहिणीनं, मानसीनं, बोटांवर मोजत जाहीर केलं. "आणि ऐकून घे क्षिती, मी नागपूरहून इतक्या लांब तुमच्या मंडीदीपची धुराडी पाहायला नाही आले!"

"हबीबगंजला उतरल्यापासून हिची यादीच चालू आहे," ओंकार म्हणाला. भोपाळच्या त्या स्टेशनचं नाव बदलून वर्षं झाली, पण टेंभेकरांच्या घरात ते अजून हबीबगंजच होतं. "ताई, हिला सांग ना, आपण या सुट्टीत कुठेच जात नाही ते."

"कुठेच नाही? बापा! दिवाळी आहे का सुतक आहे?"

बोलून गेल्यावर मानसीनं जीभ चावली.  क्षितिजा खिडकीतून समोरच्या क्वार्टरकडे बघत होती. कंपनीच्या त्या कॉलनीत सगळीकडे आकाशकंदील लागले होते, फक्त समोरच्या घरात नव्हता. तिथे खरंच माणूस गेलं होतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात निखिल उभा होता, समोरच्या घरातला, क्षितिजाच्याच वर्गातला. त्याच्या हातात स्टीलचा डबा होता.

"आईनं परत पाठवलाय," तो म्हणाला आणि डबा दाराशी ठेवून निघून गेला. त्यानं क्षितिजाकडे पाहिलंही नाही.

क्षितिजाच्या आईनं डबा उचलला. झाकणावर तिनं बांधलेला दोरा तसाच होता. ज्या घरात माणूस गेलेला असतो तिथे त्या वर्षी फराळ करत नाहीत, शेजारपाजारचे आणून देतात. निखिलच्या आईनं, रत्नप्रभाकाकूंनी, साऱ्या कॉलनीचा फराळ ठेवून घेतला होता. टेंभेकरांचा मात्र परत आला होता, न उघडता.

"ठेवून दे गं आत," आई एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. नळाच्या आवाजात रडता येतं, हे क्षितिजाला या महिन्यातच कळलं होतं.

मानसी क्षितिजाजवळ येऊन बसली. "क्षिती, झालं तरी काय होतं? घरी मला कुणी धड सांगतच नाही."

क्षितिजानं सांगितलं. दसऱ्याच्या संध्याकाळी कॉलनीच्या तळ्यावर देवीचं विसर्जन होतं. पिंपांवर फळ्या बांधून केलेल्या तराफ्यावर मूर्ती ठेवून मुलं तळ्याच्या मध्यावर गेली आणि तराफा कलंडला. चौघं पाण्यात पडली. तिघं पिंपांना धरून राहिली. चौथा अक्षय, निखिलचा मोठा भाऊ, दोरीत पाय अडकून खाली ओढला गेला. बचाव बोट क्षितिजाचे बाबा चालवत होते. कंपनीत ते पंपांचे तंत्रज्ञ, पण विसर्जनाला बोट दरवर्षी त्यांच्याकडेच असे. काठावरून सगळे ओरडत होते, "जोरात! जोरात!" आणि बोट नुसती गुरगुरत रांगत राहिली. शेवटी बाबांनीच पाण्यात उडी टाकली. अक्षय वर आला तेव्हा उशीर झालेला होता.

"मग? काका तर गेले होते ना वाचवायला!"

"लोक म्हणतात, टेंभेकर घाबरले, त्यांनी मोटर पूर्ण उघडलीच नाही. बोट क्लबच्या सेक्रेटरींनी, बापटसाहेबांनी, तसं लिहूनही दिलं. बाबा सांगत राहिले, मी वेगाची मूठ पूर्ण पिळली होती. ऐकतो कोण?"

चूक कशात झाली हे शोधण्यापेक्षा चूक कुणाची हे ठरवून टाकणं मोठ्या माणसांना नेहमीच सोपं जातं. एकदा ठरलं की सगळे हात झटकून घरी जायला मोकळे!

दुपारी आईनं तिघांना जवळजवळ हाकलूनच बाहेर काढलं. पावलं आपोआप तळ्याकडे वळली. ओंकारनं आपली गिअरची सायकल बरोबर घेतली होती.

"मला कॅरिअरवर बसव, बघू तुझी ताकद!" मानसी म्हणाली.

"बस! पण तुझं वजन..."

"ए शहाण्या!"

बंधाऱ्याचा चढ आला आणि ओंकारची बोलती बंद झाली. तो पेडलवर उभा राहिला, लालबुंद झाला, सायकल दोन हात पुढे गेली आणि जागीच थांबली. मानसी टुणकन खाली उतरली.

"अरे यार, गिअर सपाटीवरचाच राहिला!" ओंकार धापा टाकत म्हणाला. "चढाला हलका लावायला पाहिजे होता. एकट्याला चालून जातं, पण डबलसीट असलं की पायच फिरत नाहीत."

क्षितिजाचं लक्ष नव्हतं. तळ्यावरून एक कर्कश आवाज येत होता. क्लबची छोटी बोट, 'बेतवा', गस्तीला निघाली होती. क्लबचा चौकीदार शंकर ती चालवत होता. मोटर किंचाळत होती, पण बोट मात्र आरामात चालली होती.

"ही आजारी आहे का?" मानसीनं कान झाकत विचारलं.

"नाही... म्हणजे ही अशी कधीच नव्हती!" क्षितिजा म्हणाली. "बेतवा सुसाट जायची. बाबा मला तिच्यातून फिरवायचे तेव्हा केस डोळ्यांत जायचे नुसते. आता एवढी ओरडतेय आणि जात कशी नाही?"

"माझ्या सायकलसारखं झालं असेल," ओंकार म्हणाला. "हलका गिअर लावून सपाटीवर चालवली की पाय भराभरा फिरतात, पण सायकल काही पळत नाही."

क्षितिजा वळली आणि तिनं ओंकारचे दोन्ही खांदे घट्ट धरले.

"पुन्हा बोल!"

"काय केलं मी? मारू नकोस हं!"

"वेड्या, हलका गिअर! बेतवाला हलका गिअर लागलाय! आणि त्या दिवशी बचावाची नर्मदा चढावरच्या डबलसीटसारखी अडली होती. तिला भारी लागलाय!"

"बोटीला गिअर असतात?" मानसीनं विचारलं.

"नाही. पंखे असतात," क्षितिजा म्हणाली. 

तिनं बंधाऱ्यावरच बसून काडीनं मातीत आकृती काढली. क्लबच्या बोटी दोन. नर्मदा मोठी, रुंद, जड, आठ माणसं मावणारी, बचावाची. बेतवा हलकी, दोघांची. दोन्हींच्या मागे अगदी सारखी मोटर, पण मोटरच्या खालचा पंखा वेगळा. बाबांनी तिला तो हातात देऊन समजावला होता. पंख्याच्या पात्यांना पीळ असतो. लाकडात स्क्रू जातो तसा पंखा पाण्यात पुढे सरकतो, आणि एका फेऱ्यात तो किती इंच सरकेल तो त्याचा आकडा. बेतवेचा पंखा तेराचा. एका फेऱ्यात लांब ढांग टाकणारा, पण अंगावर ओझं नसेल तरच. नर्मदेचा नऊचा. ढांग छोटी, पण भरलेली बोट रेटून नेणारा.

"तेराचा पंखा भरलेल्या नर्मदेला लावला तर मोटर फिरूच शकत नाही. मूठ कितीही पिळा, ती गुदमरते. बाबा अगदी हाच शब्द म्हणाले होते, गुदमरत होती! त्यांना वाटलं, पेट्रोलमध्ये पाणी गेलं."

"पण पंखे बदलले कुणी? आणि कशाला?" मानसीनं विचारलं.

याचं उत्तर क्षितिजाला एकदम आठवलं.

"खंडेनवमी!"

बापटसाहेब मूळचे पुण्याचे, इंजिनीअर, आणि रीतिरिवाजांचे पक्के. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कॉलनीच्या सभागृहात यंत्रांची पूजा व्हायची. यंत्रांनी त्या दिवशी विश्रांती घ्यायची. कुणी पाने-पक्कड आणायचं, कुणी शिलाई मशीन. यंदा साहेब म्हणाले, बोटींचीही पूजा झाली पाहिजे. पण दोन मोटरी उचलून आणणार कोण? म्हणून मग दोन्ही पंखे सोडवून आणले. पाटावर शोभून दिसावेत म्हणून त्यांना छान चंदेरी रंग दिला. हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला. क्षितिजानं स्वतः त्यांना नमस्कार केला होता. दोन्ही एकाच आकाराचे, तीन तीन पात्यांचे, जुळ्या भावांसारखे. आकडे रंगाखाली गेलेले.

"आणि परत लावताना..." मानसीनं तोंडावर हात ठेवला.

तोपर्यंत बेतवा धक्क्याला लागली होती. तिघं धावत खाली गेली.

"शंकरभैया, दशहरे के दिन पंखे किसने लगाए थे?" क्षितिजानं विचारलं.

"साहब ने खुद, बिटिया. सुबह-सुबह. तुम्हारे पापा तो ड्यूटी पे थे। हमने बस नट पकड़े थे।"

"और ट्रायल?"

"लिया ना! साहब अकेले नर्मदा लेके गए, एकदम हवाई जहाज! बहुत खुश हुए। बोले, पूजा का असर है।"

क्षितिजानं डोळे मिटून घेतले. एकटेच गेले होते. रिकाम्या बोटीला तेराचाही पंखा चालतो. उलट जास्तच पळवतो. संध्याकाळी तीच बोट बाबांच्या ताब्यात आली. तिच्यात पाच माणसं, दोर, नांगर, टायर होते. बाबांना कुणी काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

"आम्हाला नर्मदेचा पंखा बघू द्या ना! फक्त एकदा!"

"काय चाललंय तिथे?" मागून आवाज आला. पांढऱ्या टोपीतले बापटसाहेब उभे होते. "मुलांनी बोटींना हात लावायचा नाही, पाटी वाचता येत नाही का? आणि टेंभेकरांच्या मुलीनं तरी इथे यायला नको. लोकांना काय वाटेल?"

क्षितिजाचा चेहरा गरम झाला. ती बोलणार, तेवढ्यात मानसीनं तिचा हात दाबला. "चल गं, जाऊन राहिलो आपण!"

वाटेत क्षितिजा फणफणली. "मला बोलू का दिलं नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? त्यांनी आज पंखा बघितला असता, गुपचूप बदलला असता, आणि काकांचं नाव होतं तिथेच राहिलं असतं. सगळ्यांसमोर व्हायला पाहिजे, क्षिती."

संध्याकाळी क्षितिजानं बाबांना सगळं सांगितलं. दसऱ्यानंतर बाबा कामावर जात, घरी येत आणि बाल्कनीत बसत. कुणाशी फारसं बोलत नसत. तिचं ऐकता ऐकता ते उभे राहिले. त्यांनी बाल्कनीचा गज घट्ट धरला.

"तेराचा," ते हळूच म्हणाले. "तेराचा होता... म्हणून ती नाक वर करून नुसती बसून राहिली." त्यांचे डोळे पाण्यानं भरले. बाबांना रडताना क्षितिजानं त्याआधी पाहिलं नव्हतं. तिला पळून जावंसं वाटलं, पण ती उभी राहिली.

"बाबा, आपण सगळ्यांना सांगू या!"

"सांगितलं तर म्हणतील, बापाला सोडवायला पोरीनं गोष्ट रचली. आणि कारण सापडलं म्हणून पोरगा परत येणार आहे का? मी त्याच्यापर्यंत पोचलो नाही, ते खरंच आहे."

"पण छठ येतेय ना! सगळा मंडीदीप लोटेल तळ्यावर. बायका सूर्याला अर्घ्य द्यायला कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहतील. तेव्हाही नर्मदेला तोच पंखा असेल!"



"आधी निखिलला विचार," बाबा गज सोडून म्हणाले. "भाऊ त्याचा गेलाय. त्याला हे उकरायला नको असेल, तर मी एकटा जाऊन साहेबांना सांगेन. मग माझ्या नावाचं काय व्हायचं ते होवो."

निखिल पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसलेला सापडला. अक्षय आणि तो तिथे बसून पतंग उडवायचे. क्षितिजाला पाहून तो उठला.

"जाऊ नकोस. एकदा ऐक, मग हवं तर आयुष्यभर बोलू नकोस," ती म्हणाली.

ती उभ्यानंच सगळं बोलली. सायकल, बेतवा, पूजा, चंदेरी रंग. निखिल जमिनीकडे बघत होता.

"म्हणजे काकांनी मूठ पूर्ण पिळली होती?" त्यानं विचारलं.

"हो."

"मी रोज रात्री काकांना शिव्या देतो," निखिल म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "आता मी काय करू? आता कुणाला देऊ?"

 क्षितिजा त्याच्याशेजारी बसली. दोघंही बराच वेळ रडली, आणि कुणी कुणाला गप्प केलं नाही.

मग निखिलनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "मला बघायचंय," तो म्हणाला. "खरं असेल तर मला डोळ्यांनी बघायचंय. काय करायचं सांग."

संधी चालून आली. छठच्या आधी कंपनीच्या सुरक्षा विभागाच्या प्रमुख वसुधा मॅडम तळ्याची व्यवस्था पाहायला येणार होत्या. बापटसाहेब त्यांना बचाव बोटीचं प्रात्यक्षिक दाखवणार होते. आणि कसं दाखवणार, ते मुलांनी ओळखलं होतं. स्वतः एकटे बसून!

मानसीनं केसांना तेल लावून दोन वेण्या घातल्या आणि ती सरळ साहेबांच्या घरी गेली. "काका, मी नागपूरहून आलेय. एवढी मोठी बोट मी जन्मात नाही पाहिली! आम्ही मुलं प्रात्यक्षिकाला टाळ्या वाजवायला येऊ? लाइफ जॅकेट घालून ओळीत उभे राहू. फोटो किती छान येईल!"

"अरे वा!" साहेब खूश झाले. "शिस्तीत राहणार असाल तर या."

"एकदम शिस्तीत!" मानसी म्हणाली. बाहेर येऊन तिनं कपाळावरचा घाम पुसला. "एवढं गोड तर मी माझ्या आजीशीही नाही बोलत!"

त्या दिवशी धक्क्यावर कॉलनीतले बरेच लोक जमले. पायऱ्यांवर छठसाठी बांबू रोवायचं काम चालू होतं. पाणी शांत होतं. निखिल पाण्याकडे पाहतच नव्हता. क्षितिजाचे बाबा गर्दीच्या अगदी मागे, कडुलिंबाखाली उभे होते. आईनं हट्टानं त्यांना आणलं होतं. त्यांच्या आजूबाजूची जागा रिकामी होती. लोक बाजूला सरकले होते.

साहेबांनी दोरी ओढली, मोटर सुरू झाली. नर्मदेनं जरा वेळ घेतला आणि मग पाणी कापत निघाली. तळ्याला सुरेख वळसा घालून ती धक्क्याला परत आली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बघितलंत मॅडम?" बापटसाहेब म्हणाले. "यंत्रात काही दोष नाही. दसऱ्याला जे झालं ते दुर्दैवानं चालवणाऱ्याच्या..."

"मॅडम!" क्षितिजा ओळीतून पुढे आली.  "रिकामी बोट कुणाला वाचवणार? माणसं पाण्यातून काढली की बोटीतच घ्यावी लागतील ना? मग भरलेली बोट का नाही दाखवत?"

"हा काय आगाऊपणा आहे!" साहेब कडाडले. "मॅडम, ही त्या टेंभेकरांची मुलगी. मुलांना बोटीत घेणं नियमात..."

"मला बसायचंय."

निखिल बोलला होता.  तो कोण आहे हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं.

"माझा भाऊ या बोटीची वाट बघत होता," तो म्हणाला. "ती भरलेली होती. मला भरलेल्या बोटीत बसायचंय."

 त्या मुलाला नाही म्हणायची हिंमत त्या धक्क्यावर कुणातच नव्हती. वसुधा मॅडमनी हात पुढे केला. "मलाही एक जॅकेट द्या. मुलगी बरोबर बोलतेय. हे मीच विचारायला हवं होतं."

मॅडम बसल्या. निखिल, क्षितिजा आणि मानसी बसली. दोन पहारेकरी बसले, शंकर दोर घेऊन बसला. ओंकारला जागा नव्हती, म्हणून तो काठावर पाय आपटत राहिला. साहेब मोटरपाशी होते.

बोट धक्क्यापासून सुटली.

"आता जोरात, साहेब!" मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी मूठ पिळली. मोटर घुसमटल्यासारखी घुरघुरली. नर्मदेचं नाक वर गेलं, मागचा भाग पाण्यात बसला आणि काळा धूर निघाला. बोट रांगत होती. काठावरून कुणीतरी सवयीनं ओरडलं, "जोरात!" आणि स्वतःच गप्प झालं. दसऱ्याच्या दिवशीचा आवाज तोच होता. सगळ्यांनी तो ओळखला.

"काका," निखिलनं विचारलं, "मूठ पूर्ण पिळलीय ना?"

"पूर्ण... पूर्ण पिळली आहे!" बापटसाहेबांच्या तोंडून निघून गेलं.

 साहेबांचा चेहरा पांढरा पडत गेला. आपण काय बोललो, ते त्यांना बोलल्यावर ऐकू आलं होतं.

परत आल्यावर शंकरनं मोटर वर उचलली. क्षितिजानं खिशातून खिळा काढला आणि पंख्याच्या मधल्या गोलावरचा चंदेरी रंग खरवडला. कुंकवाचा लाल कण अजून खाचेत होता. त्याखाली धातूत ठोकलेला आकडा दिसू लागला.

"तेरा," मॅडमनी वाचलं.

"आता बेतवेचा बघा," क्षितिजा म्हणाली.

तिथे नऊ होता. क्षितिजानं मॅडमना नऊ आणि तेराचा अर्थ सांगितला, बाबांनी तिला सांगितला होता तसाच. सगळे ऐकत होते. रत्नप्रभाकाकूही होत्या. त्या कधी आल्या ते कुणाला कळलं नव्हतं.

बापटसाहेब धक्क्याच्या पायरीवर मटकन बसले. त्यांनी टोपी काढली. "मीच लावले," ते म्हणाले. "माझ्या या हातांनी. दोन्ही सारखेच दिसत होते हो... मी तर पूजा केली होती!"

ते वाईट नव्हते. म्हणून तर जास्त वाईट वाटत होतं. पण नमस्कार करून यंत्र चालत नाही, आणि रंग देऊन आकडा बदलत नाही. हे ज्यांनी शिकवायला हवं होतं, त्यांनीच ते विसरायचं, आणि वर दुसऱ्याच्या नावावर खापर फोडायचं!

"टेंभेकर," मॅडमनी गर्दीकडे पाहून हाक मारली, "पंखे तुम्ही बदलाल?"

लोकांनी वाट करून दिली. बाबा खाली आले. कुणाकडेही न बघता त्यांनी पिना काढल्या, नट सोडवले, पंखे बदलले. नंतर हातानं पंखा फिरवून पाहिला आणि मोटर पाण्यात सोडली.

"तीच माणसं बसा," ते म्हणाले.

या वेळी मूठ पिळताच मोटरनं मोकळा श्वास घेतला. नर्मदेचं नाक क्षणभर वर गेलं, खाली आलं, आणि आठ माणसांना घेऊन बोट पाण्यावर उठली. धावत सुटली! काठावरून आरोळी उठली. मानसीनं बोटीची कड धरून "बापा!" म्हटलं. क्षितिजाला हसू येणार होतं.

तेवढ्यात बोट तळ्याच्या मध्यावरून गेली, आणि निखिलनं वळून काठाकडे पाहिलं.

"किती लवकर आलो," तो म्हणाला. "काका, पोचलो असतो. दादापर्यंत पोचलो असतो आपण."

बाबांनी मूठ सैल केली. बोट तिथेच थांबली. त्यांनी एक हात मोटरवर ठेवला, दुसऱ्या हातानं निखिलला जवळ ओढलं.  मॅडमनी तोंड फिरवलं. शंकरनं प्रात्यक्षिकासाठी बोटीला बांधलेल्या माळेतलं झेंडूचं फूल काढून पाण्यात सोडलं.

संध्याकाळी सभागृहात मॅडम बोलल्या. बापटसाहेबांनी स्वतः उभं राहून टेंभेकरांची जाहीर माफी मागितली, लिहून दिलेलं खोटं होतं असं पुन्हा लिहून दिलं आणि सेक्रेटरीपद सोडलं. ते सोपं नव्हतं, पण त्यांनी ते केलं. यापुढे प्रत्येक बोटीची चाचणी माणसं भरूनच होईल आणि पंख्यांना कुणी रंग लावणार नाही, असं ठरलं. "मोठ्यांनी डोळे मिटून हात जोडले," मॅडम म्हणाल्या, "आणि या मुलांनी डोळे उघडे ठेवले. शाब्बास!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओंकार मात्र प्रत्येकाला सांगत सुटला होता, "सुरुवात माझ्या सायकलनं झाली बरं का!"

क्षितिजाला शाब्बासकी घशाखाली उतरेना. टाळ्या वाजवणारे हात तेच होते, ज्यांनी महिनाभर बाबांकडे बोटं दाखवली होती. ती मधूनच उठून घरी आली, मागोमाग आईही.

दारात निखिल उभा होता. आणि त्याच्यामागे, पदर घट्ट धरून, रत्नप्रभाकाकू.

"वहिनी," काकू आईला म्हणाल्या, "तो डबा... अजून आहे का हो?"

 आईनं आतून डबा आणून दिला. दोरा अजून तसाच बांधलेला होता. काकूंनी तो दोन्ही हातांत घेतला, छातीशी धरला आणि त्या समोरच्या अंधाऱ्या घराकडे निघून गेल्या.

छठला पहाटे तळ्याचा काठ दिव्यांनी भरून गेला. नर्मदा पाण्यात सज्ज होती, मोटरवर क्षितिजाचे बाबा होते. त्या दिवशी कुणाला वाचवायची वेळ आली नाही.

उन्हं वर आल्यावर बाबा घरी परतले. दारात डबा ठेवलेला होता, लख्ख घासून पुसलेला. आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत. क्षितिजानं झाकण उघडलं. तळाशी मूठभर साखर होती.

बाबांनी चिमूटभर साखर जिभेवर ठेवली. मग ते बाल्कनीकडे न जाता सरळ स्वयंपाकघरात गेले आणि आईला म्हणाले, "आज चहा या साखरेचा कर."